डोक्यापासून मानेपर्यंत एक रेघ

नर्सिंगच्या मुली माझ्या पाठीमागे मला 'गळ्यावाल्या मॅडम' म्हणतात. मला माहीत आहे. मी बहिरी नाही आणि त्यांना हळू बोलायची अक्कल नाही. तपासणीचा धडा डोक्यापासून सुरू होतो. केसांतून बोटं फिरवा, टाळू बघा, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का बघा, खालची पापणी ओढून अंगात रक्त किती आहे बघा, मग कान, नाक, तोंड, जीभ. इथपर्यंत पोरी बऱ्या वागतात. मानेशी आल्या की त्यांना घाई होते. दोन बोटं इथं टेकवली, दोन तिथं टेकवली, झालं म्हणतात. मग माझं डोकं फिरतं आणि मी असं काही बोलून जाते की एखादी रडायला लागते.

मानेला दहा जागा आहेत. कानाच्या पुढं, कानाच्या मागं, कवटीच्या बुडाशी, जबड्याच्या कोपऱ्यात, जबड्याखाली, हनुवटीखाली, मग मानेच्या मोठ्या स्नायूच्या पुढं, त्याच्या मागं, त्याच्या आत खोल, आणि शेवटी गळ्याच्या हाडावरच्या खळग्यात. दहाही जागी बोटांची पेरं गोल फिरवायची, सावकाश. मग पेशंटला पाण्याचा घोट घ्यायला लावून कंठमणी वर कसा जातो ते बघायचं. आणि लिहायचं ते प्रत्येक चौकटीत वेगवेगळं. पहिल्या चौकटीत 'सामान्य' लिहून खालपर्यंत उभी रेघ ओढायची आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. तशी रेघ मला दिसली तर मी फॉर्म फाडते.

यंदा एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, मानेचंच इतकं काहून?" मी म्हटलं, परीक्षेला येतं. खोटं बोलले. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझीच लाज आहे.

माझं सासर पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवे सोडून चार किलोमीटर आत. घरात माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आणि आम्ही दोघं. जावेच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. शेती एकत्र, पण राबायचे भासरे. माझा नवरा पंचायत समितीत कारकून, त्याला वखर आणि डवरा यातला फरक मोठ्या मुश्किलीनं कळायचा.

भासऱ्यांना आम्ही घरात 'मोठे' म्हणायचो. मी त्यांना तोंडावर काय म्हणायची, असं विचाराल तर काहीच नाही. भासऱ्याला धाकट्या भावाच्या बायकोनं हाक मारायची नसते, समोरासमोर बोलायचं नसतं आणि हात तर चुकूनसुद्धा लागू द्यायचा नसतो. चहाचा कप मी खाली ठेवायची, मग ते उचलायचे. आमचं बोलणं जावेमार्फत चालायचं आणि ती घरात नसली तर भिंतीमार्फत. "चहा ठेवला हाय म्हणा," असं मी भिंतीला सांगायची. "साखर अमळ जास्त झाली म्हणा," असं ते खुंटीला सांगायचे. बाहेरच्याला हसू येईल, पण आम्हाला त्यात काही अवघड वाटत नव्हतं.

घरात शिरण्याआधी मोठे उंबरठ्याबाहेर थांबून खाकरायचे. एकदाच, खणखणीत. तो आवाज आला की मी असेन तिथं डोक्यावर पदर ओढायची, आणि तेवढा वेळ देऊन ते आत यायचे. कधी घाईत असले, पावसात भिजत असले, तरी खाकरल्याशिवाय आत पाय टाकला नाही.

मी नर्स झाले ती त्यांच्यामुळं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा सासरे जिवंत होते. ते म्हणाले, आपल्या घरची सून लोकांचं हागमूत काढणार का. माझा नवरा मान खाली घालून बसला. मोठे अंगणात बैलाला पाणी पाजत होते, तिथूनच म्हणाले, "शिकू द्या तिले. बिमार त आपणबी पडतोच." विषय तिथंच संपला. होस्टेलला जायच्या दिवशी माझी पेटी खांद्यावर घेऊन ते हायवेपर्यंत वीस पावलं पुढं चालले. एकदाही मागं वळून बघितलं नाही. नाल्याच्या फरशीवर शेवाळ होतं, तिथं थांबून त्यांनी खाकरलं. म्हणजे सांभाळून ये. मी सांभाळून गेले.

पुढं कापसाची ती वाईट वर्षं आली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात भर घालत नाही. एवढंच सांगते की त्या वर्षांत आमच्या भागात कुणी पुरुष गप्प बसला की घरच्या बायका त्याच्यावर नजर ठेवायच्या. कुणी ताटावरून लवकर उठला, कुणी बांधावर जरा जास्त वेळ बसला, की जावा-नणंदा एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते. फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं मी धुतलेली होती. त्यामुळं मला तर सगळ्याच गप्प माणसांची भीती वाटायची.

आणि त्या साली डवरणीच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या दिवसांत मोठे गप्प होत गेले. बोलके ते कधीच नव्हते, पण आता विचारलं तरी मान हलवायचे. भाकर दुधात कुस्करून खायला लागले, तीही अर्धी टाकायचे. अंग उतरलं. दुपट्टा नेहमी खांद्यावर असायचा, तो आता गळ्याभोवती गुंडाळलेला दिसू लागला. जाऊ एकदा चुलीपाशी माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "हे काही बोलूनच नाही राह्यले वो. काय चालू हाय मनात, काही सांगत नाहीत. मले लय भेव वाटते."

मी शहाणी. मी नर्स. मी लगेच सगळं जाणलं. तिला म्हटलं, "बाई, औषधाचे डबे घरात नका ठेवू. एकटं नका सोडू." त्याच संध्याकाळी आम्ही फवारणीचे डबे शेजारच्या घरी नेऊन कुलपात ठेवले. गोठ्यातले जादा दोर जावेनं धान्याच्या कोठीत लपवले. मोठे शेतात गेले की ती काही ना काही निमित्त काढून मागोमाग जायची, कधी पाणी, कधी डबा, कधी नुसतंच शेळी चारायला. त्यांना ते कळत असणार. एकदा ते तिला म्हणाले, "मी काय पळून चाललो का?" तिनं मला ते सांगितलं आणि आम्ही दोघी अजूनच घाबरलो. डोळ्यांत तेल घालून आम्ही त्यांच्या मनावर पहारा देत होतो. मन चांगलं होतं त्यांचं. ते बोलत नव्हते कारण बोलताना दुखत होतं. जेवत नव्हते कारण गिळताना अडकत होतं.

हे मला कळायला हवं होतं. जावेला नाही, मला. कारण उंबरठ्याबाहेरचं ते खाकरणं रोज माझ्याच कानावर पडत होतं, माझ्यासाठीच होतं, आणि ते पोळ्याच्या आधीपासून घोगरं झालं होतं. आधी फाटल्यासारखं यायचं, मग ओलसर, मग नुसती हवा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर गळा तपासून घ्या, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पेशंटचं खाकरणं असतं तर मी ऐकलं असतं. हे भासऱ्याचं होतं. त्याचा अर्थ मला एकच माहीत होता, पदर घे. मी पदर घेत राहिले.

पोळा झाल्यावर आमच्या गावात आरोग्य शिबिर लागलं. त्या दिवसांत अशी शिबिरं गावोगाव होत होती. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं मांडली, एका टोकाला डॉक्टर आणि आरोग्य सेवक पुरुषांना बघत होते, दुसऱ्या टोकाला बायकांसाठी मी. प्रत्येकाचा एक छापील फॉर्म भरायचा होता. डोके, केस, चेहरा, डोळे, कान, नाक, तोंड, मान, सगळ्यांच्या चौकटी एकाखाली एक. आणि खाली मोठ्या अक्षरात मनाचे प्रश्न: झोप लागते का, भूक लागते का, जगण्याचा कंटाळा येतो का. वरून सूचना होती की खालचे प्रश्न नीट विचारा. वरच्या चौकटींबद्दल कुणी काही म्हणालं नव्हतं. सकाळी दहापासून दुपारपर्यंत मी बायकांची रांग उपसली. पहिल्या पाच-सात जणींना नीट तपासलं. मग 'सामान्य' आणि रेघ, 'सामान्य' आणि रेघ.

माझ्या सासरचंच गाव ते. मी पांढऱ्या कोटाखाली लुगडं नेसले होते आणि डोक्यावर पदर होता. समोरचं स्टूल रिकामं झालं, पुढची बाई येईल म्हणून मी नवा फॉर्म ओढला, तर खाली मातीनं भरलेल्या पुरुषाच्या वहाणा दिसल्या. मोठे येऊन बसले होते.

मला वाटलं, पुरुषांची रांग लांब आहे म्हणून इकडं आले. रांग लांब होतीच. मागच्या बायका थबकल्या. एक म्हातारी म्हणाली, "अवं, भासराच येऊन बसला हिच्याजवळ," आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. माझे कान गरम झाले. मी मान वर केलीच नाही. मला दिसत होते फक्त त्यांचे गुडघे आणि गुडघ्यांवर घडी करून ठेवलेला दुपट्टा. त्या घडीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते.

मी टेबलाला विचारलं, "झोप लागते का म्हणा."

"लागते," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

"जीव उदास होते का म्हणा."

"नाही होत." मग थोडं थांबून, "थोडंसं हे..." आणि एवढं बोलून त्यांना ठसका लागला. ठसका बराच वेळ थांबेना. मागून कुणी तरी म्हणालं, सरका बापा, आमचीबी पाळी येऊ द्या.

मला त्यांना तिथून उठवायचं होतं. खरं कारण तेवढंच. गावातल्या बायकांसमोर भासऱ्याच्या गळ्याला हात लावायचा, हे माझ्या मनात आलंसुद्धा नाही. डॉक्टर पंचवीस पावलांवर होते, त्यांच्याकडं पाठवायचं, तेही सुचलं नाही. 'डोके' समोर 'सामान्य' लिहिलं आणि 'मान' पर्यंत एक रेघ ओढली. खाली शेरा मारला, 'मानसिक ताण, लक्ष ठेवावे'. सही केली. एक प्रत त्यांच्यासाठी टेबलाच्या कडेला सरकवली. त्यांनी ती उचलली, वाचली, त्यांना वाचता येत होतं, सातवी झाले होते ते. मग दुपट्टा गळ्याभोवती गुंडाळला आणि गेले.

तो कागद त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला. कापसाचा वेचा सुरू झाला तेव्हाही तो तिथंच होता. जाऊ मला म्हणाली, "यवतमाळले जाऊन एकदा सारं तपासून घ्या म्हटलं, त कागद काढून दाखवते. लहानीनं तपासलं म्हणते, गळा चांगला हाय म्हणते." लहानी म्हणजे मी. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, "तपासलं होतं ना वो तू?"

मी म्हटलं, "हो."

एवढा एक शब्द. पुढं कधी झोपायच्या आधी मला आठवायचा तो शब्द, शिबिर नाही. शिबिरात मी लाजले होते, ते एखादा समजून घेईल. हा 'हो' मी अंगणात बसून, तूर निवडत, पूर्ण शुद्धीत म्हटला होता. तिचा चेहरा मोकळा झाला. म्हणाली, "मंग बरं झालं बापा."

थंडीत एका रविवारी मला सुट्टी होती. मी न्हाऊन अंगणाकडच्या दारात उन्हाला पाठ करून केस पुसत बसले होते. डोक्यावर काही नव्हतं. मोठे विहिरीवरून आंघोळ करून आले. उंबरठ्याबाहेर थांबले, नेहमीसारखे. खाकरले. आवाज आलाच नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, नुसती वाफ निघाली तोंडातून. मला काहीच ऐकू आलं नाही, मी मागं वळले ती सहज, आणि पाहिलं तर ते दारात उभे होते, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. अंगात बनियन. दुपट्टा हातात, ओला, पिळलेला. ऊन थेट मानेवर पडलं होतं. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ होती.

मी पदर घ्यायची विसरले. ते वळले आणि गोठ्याकडं गेले.

त्या दिवसापुरती सगळी रीत मी बाजूला ठेवली असं मला सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी जावेला सांगितलं, तिनं नवऱ्याला विचारलं, माझ्या नवऱ्यानं रजा टाकली, आणि चौथ्या दिवशी आम्ही नागपूरला पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, मान चाचपली, दहाही जागी. माझी नजर त्यांच्या बोटांवर होती. तरुण होते, थकलेले होते, माझ्यावर ओरडले नाहीत, कारण मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, स्वरयंत्रातून सुरू झालंय, मानेत उतरलंय. आधी आले असते तर कदाचित किरणांच्या शेकण्यावर भागलं असतं, आवाज राहिला असता. आता स्वरयंत्र काढून गळ्याला भोक ठेवावं लागेल, आणि तरीही सांगता येत नाही.

मग त्यांनी मोठ्यांना विचारलं, "इतके महिने आधी कुणालाच दाखवलं नाही? एखाद्या सिस्टरनं मानेला हात लावला असता तरी कळलं असतं."

कागद खिशात होता. मला माहीत होतं, कारण सदऱ्याच्या पातळ कापडातून त्याची घडी दिसत होती. मोठ्यांचा हात वर गेला आणि खिशावर येऊन थांबला. जाऊ बाहेर बाकावर होती. खोलीत आम्ही तिघं आणि माझा नवरा. मोठ्यांनी मान हलवली. नाही, कुणालाच नाही.

"तुम्ही लोक ना," डॉक्टर म्हणाले, आणि लिहायला लागले. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ऑपरेशन झालं, शेक झाला, आणि होळीच्या सुमाराला ते घरी आले, गळ्यात नळी घेऊन. नळी रोज दोनदा काढून धुवावी लागे, भोकाभोवतीची जागा पुसावी लागे. जावेनं एकदा करून बघितलं, अर्ध्यातच नळी माझ्या हातात दिली. ती मला म्हणाली, "आता कायचा भासरा अन् कायची लाज. तूच कर माय." मी केलं. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मी त्या माणसाला पहिल्यांदा हात लावत होते. गळा गरम होता. नळी धुऊन झाल्यावर मी दहाही जागा चाचपल्या. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा हाताला काही लागलं नाही, आणि त्याचा मला राग आला, कारण एवढंच तर करायचं होतं. इतकंच सोपं होतं ते.

खाकरायला आता काही उरलं नव्हतं. त्यांनी काठी घेतली होती. आत यायच्या आधी ते काठी उंबरठ्यावर दोनदा आपटायचे. सकाळी त्यांच्या गळ्यातली नळी जिच्या हातात असायची, तिला दुपारी पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून.

बोलायला पाटी होती, नातवाची जुनी. एक दिवस जाऊ दळण आणायला गेली होती. मी नळी बसवली, हात धुतले, आणि तिथंच बसले. खूप दिवस मनात होतं. त्यांच्याकडं बघून बोलायची हिंमत तेव्हाही नव्हती. मी भिंतीला सांगितलं, "त्या दिवशी शाळेत हात लावला नव्हता म्हणा. तपासलं नव्हतं. तसंच लेहलं."

मग पाटीवर पेन्सिल घासल्याचा आवाज. त्यांनी पाटी हातात दिली नाही, खाली ठेवून माझ्याकडं सरकवली.

"गळा माहा होता. हात नाही लागला हे मले नाही समजन का."

माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं हलायला लागली. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं. मी भिंतीला विचारलं, "मंग तो कागद कायले दाखवत होते म्हणा."

त्यांनी पाटी पुसली, लिहिलं, सरकवली. "मलेबी भेव वाटे. कागद पाह्यला का बरं वाटे."

मी रडत होते. पदर तोंडात कोंबला होता, कारण शेजारी माणसं होती. त्यांनी पाटी परत ओढली. या वेळी लिहायला वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी ती सरकवली नाही, दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली आणि माझ्याकडं बघितलं. सरळ तोंडाकडं. त्यांनी माझ्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"म्या दुपट्टा काढून बसलो होतो."

तेवढंच. मला ते गुडघे दिसले, ती घडी, घडीवर ठेवलेले हात. पुरुषांची रांग लांब होती म्हणून ते आले नव्हते. उभ्या गावासमोर रीत मोडून ते माझ्याकडं आले होते, गळा उघडा करून, कारण घरात त्या कामाचं शिकलेलं एकच माणूस होतं आणि ते त्यांनीच शिकवलं होतं. आणि मी मान वर केली नव्हती.

अंगणात जावेचा आवाज आला. त्यांनी दुपट्ट्याच्या टोकानं पाटी घाईघाईनं पुसली, कोरडी होईपर्यंत. ती आत आली तोवर पाटी कोरी होती.

मोठे पुढच्या वर्षीचा कापूस घरात येईपर्यंत होते. गाठ परत आली ती मानेच्या दुसऱ्या बाजूला, आणि ती मला सर्वांत आधी सापडली. मी लगेच सांगितलं, लगेच नेलं, तोवर उपयोग नव्हता. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला तो कागद जावेनं माझ्या हातात दिला. घडीवर फाटला होता, पण रेघ स्पष्ट होती. "ठेव," ती म्हणाली, "तुया हातचा हाय. लय जपला त्यायनं." तिला वाचता येत नाही.

आता ती थकली आहे. मी दिवाळीला गावी गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात माझ्यापुढं पाट मांडून बसते, पदर खाली घेते, गळा मोकळा करते. आलेल्या बायकांना सांगते, "माही लहानी पाह्यते मले दरसाल. ह्यायलेबी तिनंच पाह्यलं होतं आधी. तिनं पाह्यलं तवा काहीच नव्हतं, मंग उपटलं ते दुखणं. नशीब." बायका माना डोलावतात. मी तिच्या पाठीमागं उभी राहते आणि कानापुढून सुरू करते. दहा जागा, सावकाश. दरसाल ठरवून जाते की या वेळी सांगायचं. शेवटच्या खळग्यात बोटं पोचतात, ती डोळे मिटूनच विचारते, "काही हाय का वो?"

"काही नाही बाई," मी म्हणते.